मुंगी कोणी मारली?

मूल स्वावलंबी व्हायला हवं असेल तर त्याचा हात सोडावा, असं आशुतोषने रविवारी सकाळी ठरवलं आणि चहा व्हायच्या आत सोडलासुद्धा. साडेतीन वर्षांची मनस्वी तेव्हा सोफ्याच्या कडेवर एका पायावर उभी होती.

धप्प!

मनस्वीने असा सूर लावला की सीवूड्सची अख्खी सोसायटी जागी व्हावी. आशुतोष बर्फ आणायला धावला. बर्फ नव्हताच, म्हणून मटारचं पाकीट घेतलं. मागे हॉलमध्ये लादीवर दोन चापट्या बसल्याचा आवाज आला आणि रडणं एकदम थांबलं.

"गप्प झाली!" आशुतोष किंचाळला. "आई, ही गप्प का झाली?"

"रडून झाला तिचा," सासूबाई म्हणाल्या. जयमालाबाई करावे गावच्या. चार पोरं वाढवलेली बाई. "टेंगूल आयलाय नुसता, जावयबापू. काय झायला नाय."

पण आशुतोषने पालकत्वावरचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. (दुप्पट वेगाने, त्यामुळे निम्मेच समजले होते.) त्याने एका पायात चप्पल, दुसऱ्यात रंजिताची सँडल घातली, पोरीला उचललं आणि सासूबाईंसकट रिक्षात कोंबलं. रंजिता, म्हणजे त्याची बायको, एपीएमसी मार्केटला आंब्याची पेटी आणायला गेली होती. तिला त्याने एवढाच मेसेज केला, 'डोक्याला लागलंय. हॉस्पिटल. घाबरू नकोस!!!'

"दादा, जोरात घ्या, डोक्याला लागलंय!"

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. मनस्वी बिस्किट खात होती. आशुतोष घामाने निथळत मटारचं पाकीट स्वतःच्याच कपाळाला लावून बसला होता.

"कुनाच्या?" त्याने विचारलं.

आशुतोषने मनस्वीपुढे तीन बोटं नाचवली. "बाळा, किती बोटं?"

"पाच."

"पाच! आई, ऐकलंत? पाच म्हणतेय!"

"दोन तू लपवलीस ना बाबा," मनस्वी म्हणाली. पण तोवर तो रिक्षावाल्याला सिग्नल तोडायचा आग्रह करत होता. (एरवी सिग्नल तोडणाऱ्यांचे फोटो काढून तो पोलिसांना पाठवायचा.)

डॉक्टर गीतांजली शांत बाई होत्या. त्यांनी टॉर्च मारून डोळे पाहिले, मनस्वीला सरळ रेषेत चालायला लावलं. उलटी झाली नव्हती, शुद्ध गेली नव्हती. "छान आहे की! काय झालं गं राणी?"

"मुंगी मेली," मनस्वी गंभीरपणे म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "घरी म्हणालं असेल कोणीतरी."

"अशक्य!" आशुतोष उसळला. "आमच्याकडे त्याला बंदी आहे."

ते मात्र खरं होतं. मूल पडलं की लादीला मारायचं आणि 'बघ, मुंगी मेली' म्हणायचं, याचा त्याला भयंकर संताप यायचा. चूक आपली, मार लादीला, वर एका निष्पाप जिवाच्या मरणाची अफवा! देश इथेच बिघडतो, असं त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलंही होतं. (त्याखाली एकच उत्तर आलं, 'पाणी कधी येणार?')

"नक्की कोणी म्हणालं नाही?" डॉक्टरांचं हसू मावळलं.

"शंभर टक्के! डॉक्टर, ही भ्रमात बोलतेय!"

"कुठली मुंगी गं, बाळा?"

"मोठ्ठी. आता तिची आई रडेल." आणि मनस्वीचे ओठ थरथरले.

"बाकी सगळं ठीक दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या, "पण बोलणं असंबद्ध असेल तर सीटी स्कॅनचा विचार करावा लागेल. एवढ्या लहान मुलांचा उगाच करत नाही आम्ही. झोपेचं औषधही द्यावं लागतं."

आशुतोषने मनस्वीचा हात धरला. बिस्किटाने चिकट झालेला, एवढासा. सकाळी हाच सोडला होता. आता तो सोडवेना.

"नको गो डॉक्टरीन बाय!" जयमालाबाई ताडकन उठल्या. "मी बोल्ली! हे बरफ आनायला गेले तवा. लादीला दोन चापट्या मारल्या न् बोल्ली, मुंगी मेली. घालायची तर मना घाला त्या मशीनीत!"

मग डॉक्टर इतक्या हसल्या की टॉर्च खाली पडला. "न्या घरी. आज लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा खूप झोपाळली तर लगेच आणा. आणि बाबांना जरा पाणी पाजा."

आशुतोष आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. तरी तत्त्व ते तत्त्व. दाराकडे निघताना तो मागे वळून म्हणालाच, "पण आई, मुलीशी खोटं का बोललात?"

"मग काय सांगू तिला? तुज्या बापान हात सोरला?"

यावर बाणेदार उत्तर द्यायला आशुतोषने तोंड उघडलं आणि तसाच मागे बघत, ताठ मानेने, हॉस्पिटलच्या काचेच्या दारावर आदळला.

ठण्ण!

दाराबाहेर आंब्याची पेटी घेऊन रंजिता धापा टाकत उभी होती. तिने खाली बसलेल्या नवऱ्याचं लिंबाएवढं टेंगूळ पाहिलं, आजीच्या कडेवर खुदखुदणारी लेक पाहिली. "अरे, नक्की लागलंय कोणाला?"

मनस्वी आजीच्या कडेवरून उतरली. काचेला तिने सणसणीत दोन चापट्या लगावल्या. "हात रे काच! माझ्या बाबाला मारतेस?" मग बापाच्या कपाळावर फुंकर घालत म्हणाली, "रडू नको बाबा. बघ, मुंगी मेली."

"कुठाय?" म्हणत आशुतोष डोळे पुसत चक्क खाली वाकला.