विजेची पेटी आणि उष्टे आवाज

आमचे शेजारी नानासाहेब वकील यांनी मुंबईहून एक नवंकोरं वाद्य आणलं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या बटणांवर चिकटपट्ट्या लावून ती बंद करून टाकली.

अकोल्यात, जठारपेठेत, आमची घरं भिंतीला भिंत लावून. ट्रान्झिस्टर तेव्हा नुकते कुठे दिसू लागले होते, आणि ही तर विजेवर वाजणारी पेटी! भाता नाही, तारा नाहीत. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन, तिसऱ्यावर सनई. ऐकायला गल्ली जमली, तर नानासाहेब म्हणाले, "हे उष्टे आवाज हायेत. कारखान्यातल्या सायबानं चाखून पाठवले. मले नाई पायजे."

कोर्टात हा माणूस छापील मराठी बोलायचा. उंबरठा ओलांडला की वऱ्हाडी. संध्याकाळी काळा कोट खुंटीला लागला की पेटीचं मागचं झाकण निघे. मग स्क्रू पिळणं, आतल्या वायरी इकडच्या तिकडे जोडणं. भिंतीपलीकडून आम्हाला कधी मोटेची कुरकुर ऐकू येई, कधी रेड्याचं घोरणं. एकदा मी कामाला होतो त्या कापसाच्या जिनाचा भोंगा हुबेहूब वाजला आणि आमच्या मंडळींनी भर सुट्टीच्या दिवशी माझा डबा भरायला घेतला.

गणेशोत्सवात त्यांना वाजवायला बोलावलं. लोकांना बासरी हवी होती. नानासाहेब आपले स्क्रूच पिळत बसले. माणसं उठायच्या बेतात आली, तेव्हा त्यांनी एक सूर धरला. तो बासरीचा नव्हता, माणसाचाही नव्हता. खोल विहिरीत कुणी गुणगुणावं, तसा काहीतरी. शेंगा सोलणारे हात थांबले. मागाहून अध्यक्षांनी विचारलं, हा आवाज कोणत्या वाद्याचा? नानासाहेब म्हणाले, "कालच जन्मला. बारसं नाई झालं अजून."

एवढा आवाज हाती लागूनही त्यांची पिळापिळी काही थांबेना.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे संत्री द्यायला गेलो. माझ्या मेव्हण्यानं शेंदूरजनाघाटहून पाठवली होती. दार उघडंच होतं. मुदतीच्या तापात त्यांच्या पत्नीचे, आमच्या वहिनींचे, कान गेले होते, हे गल्लीला ठाऊक होतं. त्या पेटीशी बसल्या होत्या, तळवा लाकडावर टेकून. नानासाहेब स्क्रू किंचित फिरवत, सूर धरत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत. वहिनी मान हलवून नाही म्हणत. पुन्हा स्क्रू, पुन्हा सूर. शेवटी एका जाड, घुमणाऱ्या सुरावर वहिनींनी डोळे मिटले.

"आलं," त्या म्हणाल्या. "लांबून येऊन राहिलं."

नानासाहेबांनी मला पाहिलं आणि ते ओशाळले. "कारखान्यातल्या माणसाले हिचे कान कसे माईत असतील?" एवढंच पुटपुटले.

मग त्याच सुरात त्यांनी भुलाबाईचं एक गाणं धरलं, वहिनींच्या माहेरचं. वहिनी शब्द म्हणू लागल्या. मध्येच एका ओळीला अडखळल्या. नानासाहेब थांबले, मागे गेले आणि ती ओळ वहिनींना सापडेपर्यंत तेवढीच वाजवत राहिले.