प्रमाणित अंगठा

नाशिकच्या गंगापूर रोडवरील ‘स्वहस्ते’ या सामुदायिक माती स्टुडिओत निवृत्तीराव गायधनी यांनी चाकावर चहाचा कप केला आणि तो सरळ आला. प्रकरण इथून सुरू झालं.

निवृत्तीरावांचं आयुष्य दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये गेलं होतं. परदेशी जाणारा मणी मापाच्या कडीला लावून बघायचा, लहान निघाला की बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. अशा माणसाच्या हाताला वाकडं काही सुचत नाही. नोकरी संपल्यावर ते पत्नीला, मंगलाबाईंना, फोडणीतली मोहरी किती तडतडावी हे सांगू लागले, तेव्हा त्यांच्या मुलीने, वैष्णवीने, त्यांना घाईघाईने मातीकामाच्या क्लासला घातलं. तिथे त्यांचा हात बसला. एका उंचीचे, एका जाडीचे कप धडाधड होऊ लागले. मग काय, गडी हवेत गेला. देवळाली कॅम्पचे पाहुणे वैष्णवीला बघायला येणार होते. निवृत्तीरावांनी भावकीसमोर जाहीर करून टाकलं, “पाहुण्यांना चहा माझ्या हातच्या कपातूनच!”

“आधी एक तरी कप घरी येऊ द्या,” मंगलाबाई म्हणाल्या. “आतापर्यंत नुसते चिखलाचे शर्ट आलेत. तेबी मीच धुतीये.”

अडचण भट्टीची होती. भट्टी सामुदायिक असल्याने तिच्यात काय जावं हे ‘हस्तस्पर्श समिती’ ठरवीत असे. समितीने नाकारलेली कच्ची वस्तू कोपऱ्यातल्या पाण्याच्या टबात सोडली जाई आणि बघता बघता तिची परत माती होई. समितीत संस्थापिका प्रतिभा मॅडम होत्या आणि सचिव महेश होते. महेश पूर्वी बँकेत होते, आता कलेत होते.

प्रतिभा मॅडमनी निवृत्तीरावांचा कप उजेडात धरला. “काका, हा हाताने केल्यासारखा वाटत नाही.”

“हातानेच केला की मॅडम. तुमच्यासमोर.”

“मुद्दा करण्याचा नसून वाटण्याचा आहे,” महेश म्हणाले. “सदर कपात मानवी त्रुटी आढळून येत नाही.”

कप टबात गेला. निवृत्तीरावांनी दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं असलेला कप करून आणला.

“हा मुद्दाम वाकडा केलाय,” मॅडम खिन्नपणे म्हणाल्या. “चूक आतून यायला हवी, काका.”

चूक आतून यावी यासाठी स्टुडिओत चुकण्याची कार्यशाळा होती. ती सक्तीची होती आणि तिला वेळेवर यावं लागे. निवृत्तीरावांनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला, मन मोकळं सोडलं आणि कप केला. तोही ओळंब्यात आला. मॅडमनी त्यांच्या खांद्यावर सहानुभूतीने हात ठेवला.

दरम्यान इतर सभासदांतही कुरबुर सुरू झाली. एकीचा डावीकडे कललेला कप पास होतो, तर दुसरीचा तसाच कललेला नापास कसा? समितीने तक्रारीची गंभीर दखल घेतली आणि पारदर्शकतेच्या दृष्टीने चूक निश्चित करून टाकली. यापुढे प्रत्येक कपाच्या काठाखाली डाव्या बाजूला प्रतिभा मॅडमच्या अंगठ्याचा एक खळगा असेल. मॅडम सगळीकडे पुरणार नाहीत म्हणून त्यांच्या अंगठ्याची प्लास्टरची प्रतिकृती काढण्यात आली. हाच प्रमाणित अंगठा. तो कोणी घरी नेऊ नये म्हणून महेशनी त्याला दोरीने टेबलाला बांधलं, बँकेतल्या पेनासारखं.

अंगठा एक आणि सभासद भरमसाट. रांगा लागल्या, दोघी जणी हमरीतुमरीवर आल्या. तेव्हा सभासदांच्या सोयीसाठी समितीने एका कारखान्यातून साच्यातले कच्चे कपच मागवले. त्यांत खळगा आधीच पडलेला होता. सभासदाने फक्त कप दोन्ही हातांत धरून डोळे मिटायचे. हस्तस्पर्श झाला की कप भट्टीत. स्टुडिओचं नाव झालं. पुण्याहून लोक बघायला येऊ लागले.

निवृत्तीराव मात्र हटून बसले. “मी केलेला कप पाहिजे मला. धरलेला नाय.”

एके दिवशी ते चाकावर असताना वैष्णवीचा फोन आला. मातीच्या हातानेच त्यांनी तो कानाला लावला. “बाबा, पाहुणे या रविवारी येतायत. मला मुलगा पसंत आहे. तुम्ही फक्त जास्त बोलू नका.” निवृत्तीरावांचे डोळे भरून आले. दुसऱ्या हाताचा अंगठा काठाखाली रुतला, कप उजवीकडे झुकला आणि तसाच थांबला.

त्यांनी चाक बंद केलं. असा कप त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो वाकडा होता आणि त्यांना तो फार आवडला.

समितीपुढे तो गेला तेव्हा महेशनी चष्मा पुसला. “खळगा उजवीकडे कसा? हा अंगठा कोणाचा?”

“माझा.”

“काका, इथे मॅडमचा अंगठा चालतो. उद्या जो तो आपापला अंगठा लावायला लागला, तर हस्तकलेचं काय होईल?”

निवृत्तीराव टबाशी उभे राहून बघत राहिले. काठ सुटला, मग अंगठ्याची खूण गेली. त्यांना वाईट वाटलं. महेशनी त्यांच्या हातात साच्यातला कप दिला. रविवार तोंडावर आला होता. निवृत्तीरावांनी डोळे मिटले.

रविवारी देवळालीचे गोरक्षराव, मुलाचे वडील, कप फिरवून फिरवून बघत होते. “स्वतः केला?”

“हो,” निवृत्तीराव म्हणाले. त्यांना वाटलं होतं त्याहून शब्द सहज निघाला.

गोरक्षरावांनी खळग्यात अंगठा ठेवला. “हाताची ऊब लागते बघा. मशीनला नाय जमायचं हे.”

“अहो, आपल्याकडं सेम असाच हाय की,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “तुम्ही नाय का क्लासला जाऊन केला?”

गोरक्षरावांनी चहात बघितलं. “हो तर. मीच केला.”

दोघा बापांनी एकमेकांकडे बघितलं आणि चहाचा घोट घेतला. दोन्ही घरांची मनं अशी जुळल्यावर पुढे बोलायचं ते काय? त्याच बैठकीत तारीख ठरली. रुखवतात असाच सेट मांडायचा, त्यावर ‘वधूने स्वहस्ते केलेला’ अशी पाटी लावायची आणि पाहुण्यांना परतभेट म्हणून एकेक कप द्यायचा, हेही ठरलं. वैष्णवीने आयुष्यात मातीला हात लावला नव्हता, पण रुखवतात तसं कोणी विचारत नाही.

त्या लग्नाला तुम्हीही होतात. रुखवतापुढे उभं राहून “पोरीच्या हातात कला आहे” असं म्हणालात, आणि मिळालेला कप घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवलात. परवा शेजारणीने कौतुकाने विचारलं, तेव्हा “अगं, घरीच केलाय” हे कोण म्हणालं?