साळवी मॅडमचे कोंबडी-वडे

साळवी मॅडमनी कुणाला जेवायला बोलावलं, की आमच्या ऑफिसातले बाकीचे लोक त्याच्याकडे सुतकी चेहऱ्याने बघायचे.

बंदरातले कंटेनर सोडवायची कागदपत्रं करणारं आमचं बेलापूरचं छोटं ऑफिस, आणि मॅडम तिथल्या मॅनेजर. त्यांचा एक नियम होता. उपाशी माणसाला बोलायचं नाही. "रिकाम्या पोटी शब्द लागतो रे," म्हणायच्या. चारचौघांत तर कधीच नाही. त्यामुळे ज्याचं चुकलं, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी नेरूळहून डबा यायचा. केबिनचं दार लावून आधी पोटभर वाढायच्या, आणि मग हळू आवाजात असं काही सोलून काढायच्या, की त्यापेक्षा थोबाडीत दिलेली परवडली.

पदार्थावरून गुन्हा ओळखण्यात आम्ही तरबेज झालो होतो. शिरा म्हणजे उशिरा येणं. घावणे म्हणजे हलगर्जीपणा. मी एकदा भलत्याच कंटेनरचे पेपर पुढे सरकवले, तेव्हा भरली वांगी होती. वांगी झकास, पण मला घशाखाली उतरेनात आणि मॅडम आग्रह सोडेनात. कोंबडी-वडे मात्र आजवर एकालाच मिळाले होते, आमच्या परबला. त्याची नोकरी गेली. त्याला दुसरीकडे चिकटवून मॅडमनीच दिलं, पण ते आम्ही सोयीस्कर विसरायचो.

मध्यंतरी हेड ऑफिस माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. माझ्या घरी तान्हं बाळ, बायकोने नोकरी सोडलेली, खारघरला नुकतंच बिऱ्हाड थाटलेलं. रोज सकाळी मॅडमची पिशवी केवढी आहे ते मी चोरून बघायचो. हेड ऑफिसचा फोन आला की त्या दार लावून घ्यायच्या, तेव्हा तर माझं टायपिंगच बंद पडायचं.

आणि एका शुक्रवारी मॅडम रिक्षातून भले मोठे डबे घेऊन उतरल्या. दुपारी टेबलं जोडली, झाकणं उघडली. कोंबडी-वडे, तेही सगळ्यांना! शाकाहारी कुलकर्णींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ वेगळी.

झालं, म्हणजे ऑफिसलाच टाळं. कुणी पानाला हात लावेना. मॅडम आपल्या वाढताहेत, गार होतंय म्हणताहेत. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "मॅडम, काय ते आधी सांगून टाका. नोकरी गेली ना आमची?"

मॅडमच्या हातातला डाव तसाच राहिला.

"कुणाची? कुणाचीही नाही. काल हेड ऑफिसला स्पष्ट सांगितलं, माझ्याकडचा एकही माणूस कमी होणार नाही. ऐकलं त्यांनी."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग हे कशाबद्दल, असं कुलकर्णींनी भीत भीत विचारलं.

मॅडम खुर्चीत बसल्या. "वाढदिवस आहे आज माझा. मिस्टर गेल्यापासून घरी काही करत नाही, एकटीसाठी कोण वडे तळत बसणार? वाटलं, तुमच्यासोबत करावा." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "पण मी जेवायला बोलावलं की तुमची तोंडं उतरतात. दिसतं रे मला. म्हणून सकाळपासून सांगायचा धीरच होईना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, पण त्यांच्यासोबत कधी जेवलोच नव्हतो.

जन्मात कोंबडीला हात न लावलेले कुलकर्णी उठले. मॅडमच्या हातातला डाव त्यांनी काढून घेतला आणि मॅडमचं पान स्वतः वाढलं.