हैबतराव गोड बोलले, ते वर्तमान

श्री. जो श्वास आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो, त्यास प्रथम नमस्कार. त्याहून थोर दैवत या मुलखात कोणी पाहिले नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन वद्य सप्तमी, इंदुवासर, ते दिवशी तातडीच्या राज्यात जे वर्तले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही.

तातडीचे राज्य म्हणजे थोरल्या इस्पितळाच्या तळमजल्याचा मुलूख. यास वेस एक, तिचा दरवाजा काचेचा, आणि कोणी समोर आले की तो आपण होऊन सरकतो. शत्रू आणि मित्र पाहात नाही. आत खाटा, पडदे, सलाईनचे खांब आणि मध्यभागी एक उंच मेज, तेच सिंहासन. मात्र त्यावर बसण्यास कोणास सवड होत नाही. या राज्याची रीत जगाहून उलटी. बाहेर जो आधी आला त्याचा मान आधी, येथे ज्याचा जीव अधिक संकटात त्याचा मान आधी, आणि ही रीत रयतेस कोणी किती समजाविली तरी रुचत नाही, म्हणोन रयत रोज रागे भरते. एकाचे बोट कापते, तो दहा सोयरे घेऊन येतो, आणि दहाही सोयरे पाळीपाळीने पुसतात की, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" आणि डॉक्टर येऊन टाके घालून गेले तरी पुसतात. एक म्हणतो अशक्तपणा वाटतो, सलाईन लावा. सलाईन नको, दोन घास जेवा, म्हटले तर रुसून भिंतीकडे तोंड करतो. एक गृहस्थ फोन कानास लावूनच आत शिरतात आणि पलीकडे कोणी बडे आहेत, घ्या बोला, म्हणोन फोन सिस्टरच्या हाती देऊ पाहतात, आणि सिस्टरचे दोन्ही हात त्यांच्याच पायाच्या जखमेत गुंतलेले असतात.

ऐशा राज्याच्या कारभारीण इन्चार्ज सिस्टर एस्तेरबाई उजगरे. त्यांचा आवाज कधी चढला नाही. चष्मा मात्र सदा कपाळावर चढविलेला असे, आणि तो ज्या क्षणी नाकावर उतरे त्या क्षणी अवघे जाणत की प्रसंग कठीण आहे. त्यांचे हाताखाली कुंदाबाई वळवी, सातपुड्याच्या पायथ्याकडील, वयाने लहान, कामास चलाख, परंतु मनाने थकलेल्या. त्या दिवशी सकाळी कामावर येताच त्यांनी एस्तेरबाईंस गाठिले आणि अर्ज तोंडीच गुजारला.

"बाई, मला डोळ्यांच्या विभागात पाठवा."

"का गं? इथं काय बिघडलं?"

"तिथं माणसं पट्टी बांधून गप पडलेली असतात. इथं काल चक्कर येते म्हणून आलेल्या एकानं बीपीचा पट्टा काढून माझ्यावर भिरकावला."

"लागला?"

"नाही, नेम चुकला."

"मग चक्कर खरी होती त्याची," एस्तेरबाई म्हणाल्या. आणि मग कुंदाबाईंचा उतरलेला चेहरा पाहून बोलल्या की, "बरं, आजची ड्यूटी काढ. संध्याकाळी पक्कं सांग. जायचंच असेल तर मेट्रनशी मी बोलेन." आणि कुंदाबाईंनी मनोमन ठरविले की संध्याकाळी पक्केच सांगायचे, आणि उद्यापासून शिव्या खाणे बंद.

येथे राज्याचा एक कायदा सांगणे प्राप्त आहे. या मुलखात एक शब्द उच्चारण्यास बंदी आहे. तो शब्द "शांत". समजण्यापुरता एकवार लिहिला, पुन्हा लिहिणार नाही. आज वॉर्ड तसा आहे, असे कोणी म्हणाले की घटकेत वेशीवर गाड्यांची रीघ लागते, ऐसा सर्वांचा अनुभव. यास शास्त्राचा आधार नाही. निवांत दिवशी कोणी काही बोलले नाही आणि तरीही गाड्या आल्या, त्याची आठवण कोणी ठेवीत नाही, इतकेच. तथापि कायदा तो कायदा. जो तो शब्द बोलेल त्याने हातचे खाणेपिणे टाकून अवघ्या खाटांची फेरी करावी आणि प्रत्येक खाटेवरील माणसाशी दोन शब्द बोलूनच परत यावे, ही सजा. एस्तेरबाईंनी ती लाविली होती, आणि डॉक्टरांनाही त्यातून सूट नव्हती.

मग दुसरे प्रहरी काचेचा दरवाजा सरकला आणि हैबतराव ढमढेरे यांची स्वारी चाकांच्या खुर्चीत बसून दाखल जाहली. हे एसटी स्टँडावरील निवृत्त वाहतूक नियंत्रक. उभी हयात कर्ण्यावर गाड्या पुकारण्यात गेली, म्हणोन त्यांचे साधे बोलणेही तीन फलाटांस ऐकू जाई. दिवाळीची आवराआवर चालली होती आणि फराळाचे पितळी पातेले काढावे म्हणोन स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला, तो स्टूल सरकले, आणि पातेले व हैबतराव समागमेच खाली आले. कानशिलावर जखम जाहली. सून वासंतीबाई रिक्षात घालून घेऊन आल्या. तांबोळी डॉक्टरांनी टाके घातले आणि म्हणाले की, वय झाले आहे, डोक्यास मार आहे, तरी स्कॅन करून आत रक्त साकळले आहे की काय ते पाहू.

"त्या नळकांड्यात मी जाणार नाही," हैबतराव गर्जले. "माझं डोकं मला माहीत आहे."

"अण्णा, ऐका की हो त्यांचं," वासंतीबाई म्हणाल्या.

"वासंती, तू फलाट सोडू नकोस!"

डॉक्टरांनी बहुत समजाविले, सुनेने हात जोडिले, परंतु स्वारी बधली नाही. तेव्हा तांबोळी डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे आजोबा, मग इथंच पडून राहा. दर अर्ध्या तासानं सिस्टर प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं द्यायची. झोपलात तर उठवतील."

"विचारू द्या. परीक्षा नक्की कुणाची आहे ते बघू."

यातील मर्म ऐसे की, कवटी म्हणजे झाकण बसविलेला डबा. आत रक्त हळूहळू साठू लागले तर मेंदूस सरकण्यास जागा राहात नाही, आणि माणूस आधी बदलतो, मग झोपाळतो, मग उठत नाही. म्हणोन माणूस कोण, कोठे, वार कोणता, हे वरचेवर पुसावे, आणि विजेरीच्या उजेडाने डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आकसतात की नाही ते पाहावे. हे काम कुंदाबाईंकडे आले. त्या पहिल्या फेरीस गेल्या.

"आजोबा, तुमचं नाव सांगा."

"कागदावर लिहिलंय. वाचता येत नाही का? हैबतराव."

"आत्ता कुठं आहात?"

"भिकार इस्पितळात."

"वार कोणता आज?"

"सोमवार. तुमच्या तोंडावर मात्र शनिवार. आणि हा काजवा माझ्या डोळ्यात कशाला घालता?"

कुंदाबाई परत आल्या आणि एस्तेरबाईंस म्हणाल्या, "पूर्ण गुण." कारण नाव बरोबर, ठिकाण बरोबर, वार बरोबर, स्वभावाचे गुण या परीक्षेत धरीत नाहीत. परंतु तेथून पुढे हैबतरावांनी त्यांचे नाव काजवेबाई ठेविले आणि कर्णा हाती असल्याप्रमाणे पुकारा सुरू केला की, "काजवेबाई, काजवेबाई, जिथं असतील तिथून खाट क्रमांक चारवर यावे!" आणि गेल्यावर पंखा फार आहे, पंखा बंद केल्यावर उकडते, उशी दगड आहे, चहा म्हणजे कोमट पाणी आहे, शेजारचे पोर रडते त्यास पुढच्या गाडीत बसवा. बोट कापलेल्याचे दहा सोयरे खदखदा हसू लागले आणि तेही काजवेबाई म्हणों लागले. कुंदाबाईंनी वरून उशी बदलून दिली. मनात मात्र म्हणाल्या की, देवा, या माणसाची वाचा एक घटकाभर तरी बसू दे.

ऐशा दोन-तीन फेऱ्या जाहल्या, आणि दर वेळी नवी शिवी आणि पूर्ण गुण. पुढील फेरीस कुंदाबाई विजेरी घेऊन गेल्या, तो वासंतीबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या. कानाशी येऊन म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागलाय हो. राहू द्या ना एवढ्या खेपेला. तुम्हीही जरा बसा, मीही बसते." कुंदाबाई पडद्याशी थांबल्या. पाय ठणकत होते, आणि त्या खाटेवरून आवाज येत नव्हता ही गोष्ट कानास इतकी गोड लागली की त्यांनी विजेरी खिशात टाकली आणि माघारी फिरल्या. चूक ही. लहान दिसते, आणि ती याच मुलखात चूक ठरते. बाहेर तिला दया म्हणतात.

मग मेजामागे जाऊन चहाचा पेला उचलला, डोळे मिटून पहिला घोट घेतला, आणि समाधानाने त्यांचे तोंडून निसटले की, "बाई, म्हातारबा अगदी..." आणि तो शब्द.

मेजापाशी उभे असलेले सगळे वळून पाहों लागले. एस्तेरबाई म्हणाल्या, "फेरी."

"बाई, एक घोट तरी..."

"मी झाकण ठेवते चहावर. जा."

कुंदाबाई पाय आपटीत निघाल्या. पहिल्या खाटेवर बोट कापलेले गृहस्थ, त्यांनी पुसले की डॉक्टर कधी येणार. दुसऱ्या खाटेवर अशक्तपणावाले, ते भिंतीस बोलत होते. तिसऱ्यावर रडून दमलेले पोर, त्याच्या गालास बोट लाविले. आणि मग चौथी खाट. वासंतीबाई नको नको करीत असता कुंदाबाईंनी हैबतरावांचा खांदा हालविला, कारण सजा म्हणजे दोन शब्द बोलणे, आणि झोपल्या माणसाशी बोलता येत नाही. हैबतरावांनी बराच वेळ लावून डोळे उघडले आणि हसले.

"या ताई," ते म्हणाले. "बसा. दमला असाल."

हे वाक्य ऐकावयास त्या राज्यातील अवघ्या सिस्टर वर्षानुवर्षे कान देऊन आहेत. कुंदाबाईंचे डोळे भरून आले, आणि खरेच सांगावयाचे तर त्या बसण्यासाठी खुर्ची ओढणार होत्या. मग हात थांबला. पुसले की, "आजोबा, आत्ता कुठं आहात?"

"तुमच्याच घरी की. फार छान घर आहे."

"आणि चहा कसा होता?"

"अमृत."

तेव्हा कुंदाबाईंनी खुर्ची पायाने मागे सारिली. विजेरी काढून डोळ्यांत धरिली. उजवी बाहुली उजेडाने आकसली. डावी तशीच मोठी राहिली. मग त्या हाका मारीत सुटल्या की, "बाई! चार नंबरचे आजोबा गोड बोलतायत!"

एस्तेरबाईंचा चष्मा नाकावर उतरला. त्यांनी दुसरा प्रश्न केला नाही. तांबोळी डॉक्टर पलीकडे कोणाच्या हातास पट्टी बांधीत होते, ते "हे धरा" म्हणोन पट्टीचे टोक त्याच माणसाच्या दुसऱ्या हाती देऊन धावले आणि बाहुल्या पाहताच खाट स्वतः ढकलू लागले. वासंतीबाई मागे पळत होत्या आणि म्हणत होत्या, "अहो पण आत्ता तर किती छान बोलले! जन्मात पहिल्यांदा!"

"म्हणूनच," एस्तेरबाई म्हणाल्या.

मग नळकांड्यात घातले, तेव्हा हैबतरावांनी हूं की चूं केले नाही. आत रक्त साकळले होते ते दिसले. वरच्या मजल्याहून मेंदूचे सर्जन उतरले, वासंतीबाईंची सही घेतली, आणि कवटीस छिद्र करून रक्त काढिले. तोवर तातडीच्या राज्यात आणखी गाड्या आल्या, काम थांबले नाही, आणि संध्याकाळ जाहली. कुंदाबाई मेजाशी आल्या, चहावरील झाकण काढिले, आणि न पिता म्हणाल्या, "बाई, मी उठवलं नव्हतं त्यांना. आणि यांची वाचा बसू दे, असं देवाजवळ मीच मागितलं होतं."

एस्तेरबाई बोलल्या, "देव इथं आपलं ऐकत असता तर हा वॉर्ड केव्हाच ओस पडला असता. ते सोड. उठवायचं राहिलं ते मात्र तुझं. पुन्हा राहू देऊ नकोस." आणि चहा पुन्हा गरम करावयास लाविला. बदलीचा विषय कोणी काढिला नाही.

दुसरे दिवशी वर्तमान आले की हैबतराव जागे आहेत, परंतु बोलत नाहीत. तिसरे दिवशी आले की बोलतात, पण हो आणि बरं, इतकेच. नर्सने उशी सरकविली तर हात जोडले. हे ऐकून तळमजल्यावर कोणास चैन पडेना. अशक्तपणावाले गृहस्थ पुन्हा सलाईन मागावयास आले होते, तेही हळहळले. चौथे दिवशी कुंदाबाई काम आटोपून जिना चढून वर गेल्या. वासंतीबाई खाटेशी बसल्या होत्या, डोळे सुजलेले. कुंदाबाईंनी खिशातून विजेरी काढिली.

"आजोबा, तुमचं नाव?"

"हैबतराव."

"आत्ता कुठं आहात?"

हैबतरावांनी विजेरीकडे पाहिले, मग कुंदाबाईंकडे, मग पुन्हा विजेरीकडे. कपाळास एक आठी पडली, मग दुसरी.

"आली का काजवेबाई," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण फलाटावरचाच होता. "चार दिवस उशिरा. कुठं असणार मी? त्याच भिकार इस्पितळात. फक्त वरचा मजला. आणि वासंती, इथलाही चहा तसलाच आहे."

वासंतीबाई पदरात तोंड घालून एकाच वेळी हसों आणि रडों लागल्या. कुंदाबाईंनी बाहुल्या पाहिल्या. दोन्ही सारख्या आकसल्या. मग त्या जिना उतरून खाली आल्या आणि मेजापाशी उभे राहून मोठ्याने म्हणाल्या, "पूर्ण गुण!" आणि तांबोळी डॉक्टरांनी दहाही बोटे उंच करून दाखविली, आणि काय झाले ते न कळताही बोट कापलेल्याचे सोयरे, जे पट्टी बदलावयास आले होते, त्यांनी टाळ्या पिटल्या आणि पुसले की डॉक्टर कधी येणार.

एस्तेरबाईंनी चष्मा कपाळावर सरकविला आणि हळूच विचारले, "डोळ्यांच्या विभागाचं पक्कं सांगणार होतीस."

"नको बाई," कुंदाबाई म्हणाल्या. "तिथली माणसं फार सभ्य आहेत म्हणे. मला आता सभ्य माणसांची धास्ती बसली आहे."

इतक्यात काचेचा दरवाजा सरकला आणि कोणी आत येताच ओरडू लागला की इथे कोणी आहे की नाही. कुंदाबाईंनी चहावर झाकण ठेविले आणि प्रसन्न मुखाने सामोऱ्या गेल्या.

सारांश, त्या राज्यात ते दिवशी कोणी मेले नाही, कोणी कोणाचे आभार मानिले नाहीत, आणि सर्व संतुष्ट होते. इतके लिहून लेखणी ठेविली.