कोरड्या नळाची धार

मोर्चाला तास उरला होता आणि फ्लेक्सवरच्या कोरड्या नळातून थेंब गळायला लागला.

"हे काय गं?" चंपाबाईंनी विचारलं. त्यांच्या वाळूजकडच्या नव्या वसाहतीत इमारती भराभर उठल्या होत्या, नळाला मात्र पंधरवडाभर पाणी नव्हतं.

फ्लेक्स छापायच्या दुकानाची मालकीण अमृता जागची हलली नाही. तिच्या जुन्या मशीनचं शाई सोडणारं हेड उन्हाळ्यात सारखं चोंदायचं. नवं हेड घ्या म्हणणाऱ्या विक्रेत्याला तिने हात जोडून वाटेला लावलं आणि स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. छापलेलं कॅमेऱ्याने बघायचं, शाई कुठे कमी पडली ते प्रोग्रॅमने शिकायचं आणि पुढच्या वेळी तिथे जास्त सोडायची.

"शिकतंय ते, मावशी. दुसऱ्या खेपेला बघा."

दुसऱ्या खेपेला थेंबाची धार झाली.

"आगं, नळ कोरडाय म्हणून आमचा मोर्चा, अन् तू त्याला पाणी सोडायलीस! बंद कर ते शिकणं."

"नाय करत. आज बंद केलं तर जन्मभर अडाणी ऱ्हाईल ते!"

तिसऱ्या खेपेला नळाखाली निळा ओढा वाहिला आणि रोल संपला. तेव्हा कुठे अमृताने कॅमेरा काढून पाहिला. बाहेर जलवाहिनीसाठी खणलेल्या रस्त्याची पांढरी धूळ भिंगाला चिकटली होती. प्रोग्रॅमला ती कोरी जागा वाटली आणि तो इमानाने तिथे शाई ओतत राहिला.

"चुकलंच, मावशी. आता फ्लेक्सबी नाय."

"मंग गुंडाळ हाच. पण मोर्चा थांबायचा नाय. अन् तूबी चल."

अमृता मान खाली घालून मागे मागे चालत राहिली.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातले साहेब पायऱ्यांवर आले. उलगडलेला फ्लेक्स पाहून त्यांना हसू आवरेना. "अहो बाई, तुमच्या नळाला तर धो धो पाणी आहे!"

चंपाबाईंनी डोक्यावरची रिकामी घागर उतरवली, चित्रातल्या धारेखाली ठेवली आणि तिथेच मांडी घातली. "मंग भरल्याबिगर हलत नाय."

मागच्या बायांनी भराभर भांडी लावली. लगेच द्वारकाबाईची कळशी कुणीतरी सरकवली.

"माझा नंबर होता!"

"व्हय गं, नळ तुझ्या बापाचा हाय का?"

हंडे आपटले, आरडाओरडा झाला. साहेब घाबरून खाली धावले. "भांडू नका! ओळीत या! सगळ्यांना पाणी मिळेल!"

भांडण तिथेच थांबलं. अमृताने मान वर केली.

"किती वाजता, साहेब?" चंपाबाईंनी विचारलं.