व्हर्लिन हॅस्केटची जय्यत तयारी

कायोटीची, म्हणजे तिकडच्या रानकोल्ह्याची, शिकार दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा सामान निवडण्याचा, दुसरा गोळी झाडण्याचा. पैकी दुसरा ऐच्छिक आहे. वायोमिंगात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, फक्त कायोटीला कुणी कळवलेलं नाही. त्यामुळे तो पहिला टप्पा चालू असतानाच येतो आणि कोकरू उचलून जातो. रानटी जात, त्याला रीतभात कुठली!

व्हर्लिन हॅस्केट मात्र रीतीचा माणूस. बिटर वेल्स गावाबाहेर, जिथे सेजची झुडपं आणि वारा यापलीकडे काही उगवत नाही, तिथे त्याचा मेंढ्यांचा कळप. आजापासून चालत आलेला. कळप त्याचा असं आपलं म्हणायचं. व्यायला आलेल्या मेंढीपाशी कोपरापर्यंत हात घालून बसायची ती त्याची बायको आर्लिस. व्हर्लिनचं काम देखरेखीचं. (देखरेख म्हणजे कॉफीचा मग घेऊन फाटकाला टेकणं. कुणीतरी टेकायला लागतंच.) पण एवढं खरं की सकाळी मेंढीच्या गळ्यातली घंटा कानावर पडल्याशिवाय त्याला ती कॉफी गोड लागायची नाही. हे त्यानं बायकोला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिकडचे पुरुष बोलून दाखवत नाहीत, हवामानाबद्दल बोलतात.

एप्रिलात मेंढ्या व्यायला लागल्या आणि टेकडीमागून एक कायोटी ये-जा करायला लागला. एक कोकरू गेलं, मग दुसरं. तेव्हा आर्लिसनं दुधाची बाटली टेबलावर आपटली.

"व्हर्लिन, ऐक. माझे गुडघे कामातून गेलेत, कमरेचं तर नाव काढू नकोस. आता आणखी एक जरी कोकरू गेलं ना, तर मी ट्रक बोलावते आणि अख्खा कळप विकून टाकते. मग बस तू फाटकाला टेकून, वारा मोजत."

"बघतो ना मी."

"बघू नकोस. मार त्याला."

दाराआड बापाच्या वेळची तीस-तीसची रायफल टांगलेली होती. त्याच रायफलीनं बापानं आयुष्यभर कायोटी मारले, कारण बापाला सल्ला द्यायला कुणी नव्हतं. व्हर्लिननं ती उचलली आणि काडतुसं आणायला पशुखाद्याच्या दुकानात गेला. चूक झाली ती एवढीच. पुढचं सगळं अगदी पद्धतशीर झालं.

त्या दुकानात कॉफीचं एक टेबल आहे. कॉफी कोण पाजणार ते फासे टाकून ठरतं आणि बाकीचं सगळं ऑर्व्हल ट्वेट आणि लेलंड प्रुइट ठरवतात. ऑर्व्हल सरकारी रस्ते सपाट करायचं यंत्र चालवून निवृत्त झालेला, लेलंड तारेची कुंपणं घालणारा. दोघांकडेही एकही मेंढी नाही, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती असतं.

"हे काय रे, व्हर्ल?" ऑर्व्हल म्हणाला. "आजीची काठी घेऊन निघालास?"

"कायोटी मारायचाय."

"ह्यानं? लेका, ह्याची गोळी पोचेपर्यंत कायोटी म्हातारपणानं मरेल. बावीस-अडीचशेची रायफल घे. दोरी ताणल्यासारखी सरळ जाते गोळी."

"सरळ जाते, पण कुठं?" लेलंडनं मग खाली ठेवला. "इथल्या वाऱ्यात तुझी ती वाटाण्याएवढी गोळी नेब्रास्कात जाऊन पडायची. व्हर्ल, ह्याचं ऐकू नकोस. दोनशे त्रेचाळीस घे. जड गोळी, वाऱ्याला भीक घालत नाही."

"आणि कातड्याला भोक पडतं बादलीएवढं!"

"त्याला कातडं हवंय का मेंढ्या?"

हा प्रश्न फारच मुद्द्याचा होता, म्हणून तो तिथंच सोडून वाद पुढं गेला.

सदर वाद जुना आहे. त्या भागात ल्युथरन पोरीचं कॅथलिक पोराशी लग्न लागतं, पण बावीस-अडीचशेवाल्याच्या घरात दोनशे त्रेचाळीसवाला जावई आला की जेवणाच्या टेबलावर मीठसुद्धा मागायची चोरी. व्हर्लिननं दोन्ही पक्षांचा मान राखून दोन्ही रायफली घेतल्या. कायोटी समोर आल्यावर त्या दिवशीचा वारा पाहून काय ते ठरवायचं. तोवर त्यानं जरा थांबावं अशी अपेक्षा होती.

आता रायफल आली म्हणजे दुर्बीण आली. दुर्बिणीशिवाय रायफल म्हणजे चष्म्याशिवाय ऑर्व्हल. व्हर्लिन स्वयंपाकघरात बसून ती रायफलीवर बसवत होता, दिवस मावळायला आला होता, तेवढ्यात आर्लिस दारातून आत डोकावली.

"काळ्या कानाचीचं कोकरू दिसत नाहीये. मी ओढ्याकडं बघून येते. येतोस?"

"एवढा स्क्रू झाला की आलोच."

दुर्बिणीच्या स्क्रूचं एक शास्त्र आहे. तो कमी आवळला तर नेम हलतो, जास्त आवळला तर काच दबते, आणि नेमका किती आवळावा याबद्दल जगात एकमत नाही. व्हर्लिननं त्या संध्याकाळी तो आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या टेबलावर विचारलं तेव्हा कळलं की दुर्बीणच चुकीची आहे.

त्या दिवशी दारात ट्रक काही आला नाही. आर्लिसनं ट्रकचा विषयसुद्धा काढला नाही. याचा अर्थ व्हर्लिननं असा लावला की दुर्बिणीचा बायकोवर चांगला परिणाम झाला.

मग तिवई आली, कारण हात थरथरतो. तिवई आल्यावर बसायला खुर्ची आली, कारण तिवई उंच होते. मग अंतर मोजायचं यंत्र, वारा मोजायचं यंत्र, आणि ही दोन यंत्रं गळ्यात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून छातीवर बांधायची पिशवी. कपड्यांचं जरा अवघड गेलं. बर्फात मिसळून जाणारे पांढरे कपडे मोठ्या खोक्यातून आले त्या सकाळी बर्फ वितळलं. सेजच्या रंगाचे मागवले, ते आले आणि पुन्हा बर्फ पडलं. (कपड्यांचा रंग निसर्गाशी जुळण्याचं प्रमाण वायोमिंगात वर्षाकाठी एक सकाळ आहे, आणि त्या सकाळी चर्च असतं.) खोकी सगळी स्वयंपाकघरात स्टोव्हजवळ साठत गेली. व्हर्लिन ती ओलांडून कॉफी घ्यायला जायचा.

शेवटी भोंगा आला. हे एक आवाजाचं यंत्र असतं. रानात ठेवायचं आणि लांबून बटण दाबायचं. त्यात मरणारा ससा, घाबरलेलं हरणाचं पाडस, भांडखोर सुतारपक्षी, असे निसर्गातले सगळे आनंद भरलेले असतात. व्हर्लिन घरी ते वाजवून बघायचा. यंत्राचा दर्जा इतका उत्तम की बंद केल्यावरही स्टोव्हच्या बाजूनं बारीक बें-बें ऐकू यायचं. त्यानं दोनदा बटण तपासलं. टेबलावर सांगितलं, तर लेलंड म्हणाला, "बॅटरीत जीव उरतो थोडा. चांगल्या कंपनीची घे." व्हर्लिननं चांगल्या कंपनीची घेतली. बें-बें आणखी जोरदार झालं. बॅटरीचा पैसा वसूल.

"वाजवायचं काय पण?" त्यानं विचारलं.

ऑर्व्हलनं टोपी मागं सरकवली. "कायोटी खातो काय?"

"कोकरू."

"मग झालं तर! कोकरू वाजव."

यातली एकही पायरी खोडून काढता येत नाही. मी प्रयत्न केलाय.

एका उन्हाच्या सकाळी, वारा बेताचा असताना, व्हर्लिन सगळं सामान अंगावर चढवून टेकडीवर गेला. सामान जागच्या जागी लागेपर्यंत कपाळाला घाम आला. मग तो खुर्चीत बसला, तिवईवर दोनशे त्रेचाळीस ठेवली, मांडीवर बावीस-अडीचशे, आणि खाली उतारावर ठेवलेल्या भोंग्याचं बटण दाबलं. संकटात सापडलेलं कोकरू केविलवाणं ओरडायला लागलं.

खाली माळावर मेंढ्या चरत होत्या, कोकरं उन्हात एकमेकांना चिकटून झोपली होती. आवाज कानावर पडताच मेंढ्यांनी माना वर केल्या. मेंढीनं कुठल्याही दुकानात सल्ला घेतलेला नसतो. कोकरू रडलं की धावायचं, एवढंच तिला कळतं. अख्खा कळप, घंटा वाजवत, टेकडी चढून भोंग्याकडे सुटला. सगळ्यांत पुढं काळ्या कानाची.

आणि मागं, झोपलेली कोकरं तेवढी उरलेल्या माळावर, ओढ्यातून कायोटी वर आला. त्याच्याकडे सामान काहीच नव्हतं.

व्हर्लिननं दुर्बिणीला डोळा लावला. लोकर दिसली. इतकी स्वच्छ दिसली की केस मोजून घ्यावेत. तिवई डावीकडे फिरवली, तिकडेही लोकर. उजवीकडे लोकर, तिच्यात एक डोळा, तो व्हर्लिनकडे बघत होता. उठून बोंब मारावी असं त्याला पहिल्याच क्षणी वाटलं होतं. पण कपड्यांच्या चिठ्ठीवर स्पष्ट छापलं होतं की हालचाल करू नये, नाहीतर कपड्यांचा उपयोग होत नाही. त्यानं उपयोग होऊ दिला.

शेवटी तो उठून ओरडला, तेव्हा कायोटीनं मान वळवून वर पाहिलं. तोवर त्याला व्हर्लिन दिसलाच नव्हता, म्हणजे कपडे खरोखरच चांगले होते. मग तो तोंडातलं कोकरू सावरून, घाई न करता, ओढ्यात उतरला.

बाकीच्या मेंढ्या भानावर येऊन परतल्या. काळ्या कानाची तेवढी भोंग्याला नाक लावून उभी राहिली. तो ओरडायचा आणि ती उत्तर द्यायची. बॅटरी चांगल्या कंपनीची होती. बराच वेळ चाललं ते.

आर्लिस भांडली नाही. तिनं फोन उचलला.

ट्रक आला तेव्हा व्हर्लिन फाटकाला टेकून उभा होता, हातात मग, मगात थंड कॉफी. मेंढ्या आणि कोकरं जोडीजोडीनं फळी चढून वर गेली. आर्लिसनं फक्त काळ्या कानाचीला बाजूला ओढून ठेवलं. ट्रक वळणाआड गेला, घंटा थांबल्या, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला. बें-बें.

"मी बंद केला होता तो भोंगा," व्हर्लिन म्हणाला.

"भोंगा तुझ्या पिकअपमध्ये आहे."

तो आत गेला. स्टोव्हजवळ, पांढऱ्या कपड्यांच्या मोठ्या खोक्यात, मागच्या पायाला पट्टी बांधलेलं एक कोकरू उभं होतं. तोंडात कपड्यांची ती चिठ्ठी. चावत होतं.

"काळ्या कानाचीचं," आर्लिस मागून म्हणाली. "त्या संध्याकाळी ओढ्यात सापडलं, पाय फाडलेला. औषधाच्या वासानं आई जवळ घेईना, म्हणून इथं ठेवलं. तू दुर्बीण लावत होतास."

"मला सांगायचंस तरी!"

"विचारायचंस तरी."

व्हर्लिननं खोक्यात हात घातला. कोकरानं त्याचं बोट चोखून पाहिलं आणि चिठ्ठीच बरी असं ठरवलं.

दुसऱ्या सकाळी तो टेबलावर हजर. "एकच कोकरू राखायचं असेल तर कुठली घ्यावी?"

"एकच असेल तर बावीस-अडीचशे," ऑर्व्हल म्हणाला. लेलंडनं मग खाली ठेवला.

आता तुम्ही हसताय. हसा. तुमच्याकडे मेंढ्या नाहीत, तुम्ही निःपक्षपाती. बावीस-अडीचशे बरी का दोनशे त्रेचाळीस, हेही तुमचं मघाशीच मनात ठरून गेलंय, मला दिसत होतं. पण काळ्या कानाचीचं कोकरू ओढ्याकडे हरवलं हे मी तुम्हाला दुर्बीण लावतानाच सांगितलं होतं. नंतर ते स्टोव्हजवळ ओरडलं, तेही सांगितलं. तुम्हालाही बॅटरीच वाटली ना?