पदवी मागावी लागते

शिक्षण ही जन्मभर चालणारी गोष्ट आहे, असं सगळीच कॉलेजं सांगतात. मड फोर्क कम्युनिटी कॉलेजने नुसतं सांगितलं नाही, तशी व्यवस्था केली.

पूर्व केंटकीच्या डोंगरांत, बंद पडलेल्या कोळशाच्या कारखान्यासमोर हे कॉलेज उभं आहे. कोणालाही नाही म्हणायचं नाही, हे त्याचं पहिलं तत्त्व. वय, अक्कल, मागचा तुरुंगवास, काहीही आड येत नाही. एकदा एक परगावचा ट्रकवाला मुतारी कुठे आहे एवढंच विचारायला आत शिरला, तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात विद्यार्थी क्रमांक होता. (मुतारी त्याला सापडली नाही. ती दुसऱ्या इमारतीत आहे.)

डेल्बर्ट स्टॅम्पर मात्र स्वतःच्या पायांनी आला. साठीला टेकलेला माणूस. उभा जन्म कोळशाचे ट्रक चालवून पाठ कामातून गेलेली. शाळा त्याने लहानपणीच सोडली होती आणि वाचायला तो चाळिशीत शिकला, चर्चच्या तळघरात. त्याला स्वतःला पदवीची काही हौस नव्हती. हौस होती त्याच्या आईला.

आयसी स्टॅम्पर त्या वेळी ऐंशी ओलांडून गेली होती. लेक्सिंग्टनच्या मोठ्या डॉक्टरांनी तिचं हृदय तपासून डेल्बर्टला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "नाताळ बघतील. ईस्टरचं मी सांगू शकत नाही." आयसीचं हृदय अधू असलं तरी कान शाबूत होते. पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये बाकाला धरून उभी राहिली.

"माझी सात पोरं," ती म्हणाली. "एकानेही तो काळा झगा आणि ती चौकोनी टोपी घातली नाही. सहांची आशा मी सोडली. डेल्बर्ट उरलाय. त्याला त्या झग्यात बघितल्याशिवाय मी जायची नाही."

सगळी मंडळी आमेन म्हणाली. आमच्याकडे आमेन म्हटलं की ठराव मंजूर झाला असं धरतात.

सोमवारी सकाळी डेल्बर्ट कॉलेजात हजर. दोन वर्षांची पदवी होती, ॲसोसिएट नावाची. त्याने खिडकीतल्या बाईंना विचारलं, "नाताळपर्यंत होईल का?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "कोणत्या नाताळपर्यंत?"

प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थ्याला कॉलेजची ओळख करून देतात. ही ओळख संगणकावर असते. संगणकात शिरायचं कसं, हे एका चित्रफितीत समजावून सांगितलं आहे, आणि ती चित्रफीत संगणकात शिरल्यावर दिसते. बरेच विद्यार्थी इथेच गळतात. कॉलेज याला नैसर्गिक निवड म्हणत नाही, 'सुरुवातीचा उत्साह मावळणे' म्हणतं.

मग चाचणी. कोण किती पाण्यात आहे ते तिच्यात कळतं. डेल्बर्टला बीजगणिताच्या वर्गात बसायचं होतं. चाचणीने त्याला बीजगणिताच्या पूर्वतयारीच्या पूर्वतयारीत बसवलं. या वर्गाला क्रेडिट नसतं, म्हणजे तो पास केला तरी पदवीच्या दृष्टीने तुम्ही घरीच बसलेले असता. पुस्तकाची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. जुनी चालत नाही, कारण नवीच्या मुखपृष्ठावरचा पूल वेगळा आहे.

शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या. त्या तीन काउंट्यांतल्या तीन कॉलेजांत शिकवत आणि त्यांना कुठेच खोली नव्हती. वर्गाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं: 'शंका विचारण्याची जागा: मागचं पार्किंग, करडी गाडी, काच वाजवा.' डेल्बर्टने पहिलं समीकरण त्या गाडीच्या मागच्या सीटवर, बाईंच्या धुवायच्या कपड्यांशेजारी सोडवलं. ते चुकलं होतं.

पुढे काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. बीजगणितात तो तीनदा नापास झाला. पाठीचा खुळखुळा झालेला असताना शारीरिक शिक्षणासाठी त्याला बोलिंग घ्यावं लागलं. (बॉल उचलता येत नाही हे त्याने लेखी कळवलं. उत्तर आलं, ढकलला तरी चालेल.) सल्लागार दर सहामाहीला बदलत आणि नवा सल्लागार जुन्याने दिलेला सल्ला ऐकून हळहळत असे. मग पुराच्या वर्षी रस्ताच वाहून गेला, एक सहामाही बुडाली, आणि डेल्बर्ट परत आला तो थेट नव्या नियमांत. एक सहामाही चुकली की जुने नियम तुमच्यासाठी उरत नाहीत. नव्या नियमांप्रमाणे प्रत्येकाला 'कॉलेजातलं पहिलं वर्ष यशस्वी कसं करावं' हा विषय सक्तीचा होता. डेल्बर्टने तो पाचव्या वर्षी घेतला आणि त्यात वर्गात पहिला आला. अनुभव दांडगा होता.

आणि आयसी?

आयसीने नाताळ बघितला. ईस्टर बघितला. दुसरा नाताळ बघितला. तिसऱ्या वर्षी लेक्सिंग्टनचे मोठे डॉक्टर स्वतःच वारले, तेव्हा तिने त्यांच्या घरी सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक पाठवला. डेल्बर्ट बीजगणितात नापास झाल्याचं सांगायला येई तेव्हा ती आधी त्याला झाडून काढी.

"गाढवा, एक्स म्हणजे काय ते अजून कळलं नाही तुला?"

"कळतं आई. दर वेळी वेगळा निघतो."

"मग परत बस. मी आहे."

आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः उठून चुलीवर बीन्स चढवी, मक्याचा पाव करी, शेजारणीच्या कोंबड्यांवर ओरडे. आमच्या काउंटीत इस्पितळ होतं, ते बंद पडलं. वृद्धांच्या प्रकृतीसाठी काही करणारी संस्था म्हणावी असं कॉलेज तेवढं उरलं होतं, पण कॉलेजने त्याचं श्रेय कधी घेतलं नाही.

सातव्या वर्षी डेल्बर्ट बीजगणितात पास झाला.

नाइलाज होता. करड्या गाडीतल्या बाईंनी मनावर घेतलं होतं. संध्याकाळी त्याने घरी येऊन सांगितलं, तशी आयसीने हातातली पळी खाली ठेवली. मग तिने पेटी उघडायला लावली.

"ही चांदण्यांच्या नक्षीची गोधडी व्हर्नाला," ती म्हणाली. व्हर्ना म्हणजे डेल्बर्टची पुतणी. "बाळपणीचे फोटो तुझ्याकडे ठेव. आणि माझ्या वेळी चर्चमध्ये लांबलचक गाणं नको. लोकांना जेवायला उशीर होतो."

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांवर ओरडली नाही. डेल्बर्ट ओसरीवर बसला आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याने एक समीकरण कोणाच्याही मदतीशिवाय सोडवलं. उत्तर त्याला मुळीच आवडलं नाही.

सुदैवाने मड फोर्क कॉलेजात पदवी आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते. सगळे विषय पास झाले, सगळी क्रेडिटं जमली, तरी 'मला पदवी द्यावी' असा वेगळा अर्ज केल्याशिवाय कॉलेज तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. कित्येक माणसं पदवी कमावून, ती मागायची असते हे न कळल्यामुळे, बिनपदवीची मेली आहेत. डेल्बर्टने अर्ज केला नाही. आईला सांगितलं, अजून बोलिंगचं थोडं राहिलंय.

आयसी परत जेवायला लागली.

हे असंच चाललं असतं, पण राज्य सरकारला जाग आली. आजवर कॉलेजात किती माणसं शिरली ते सरकार मोजत असे. आता किती बाहेर पडली ते मोजायचं ठरलं. ज्या संस्थेने पन्नास वर्षं लोकांना आत ठेवण्याची कला जोपासली, तिला एका उन्हाळ्यात उलटं वळावं लागलं. 'विद्यार्थी यश केंद्र' उघडलं. भिंतीला पिवळा रंग दिला. आणि केंद्रातल्या टॅबिथा कॉम्ब्स नावाच्या हसऱ्या मुलीला यादीत डेल्बर्ट सापडला.

"मिस्टर स्टॅम्पर, अभिनंदन. तुमचं सगळं पूर्ण आहे. इथे फक्त सही करा."

"राहू दे बाई. मला घाई नाही."

"सात वर्षं झाली."

"म्हणूनच म्हणतो."

"अहो, तुम्ही यशस्वी झाला आहात."

"त्याचं काही करता येईल का?" डेल्बर्टने विचारलं. "एखादा विषय परत नापास करता येतो का? बीजगणित मला जमेल."

टॅबिथाने खेदाने मान हलवली. एकदा मिळालेलं यश परत घ्यायची सोय नव्हती. पण बोलता बोलता तिच्या तोंडून एक गोष्ट निघून गेली: कोणाकडे ग्रंथालयाचं पुस्तक राहिलं असेल किंवा पार्किंगचा दंड बाकी असेल, तर मात्र पदवी अडते.

डेल्बर्ट जन्मात पहिल्यांदा पळत ग्रंथालयात गेला. त्याने मधमाश्या पाळण्यावरचं एक जाडजूड पुस्तक घरी नेलं आणि परत केलं नाही. रोज सकाळी तो आपला जुना ट्रक प्राचार्यांच्या जागेवर नेऊन लावू लागला. सदुसष्टाव्या, अडुसष्टाव्या वर्षी माणसं नातवंडं खेळवतात, आणि तो आईसाठी गुन्हेगारीकडे वळला. महिन्याभरात ट्रकच्या काचेवर इतक्या पिवळ्या चिठ्ठ्या साचल्या की समोरचं दिसेना.

तेव्हा कॉलेजने क्षमा सप्ताह जाहीर केला. सगळे दंड माफ, सगळी पुस्तकं माफ, आणि ज्यांनी अर्ज केले नाहीत त्यांनी ते केल्याचं मानण्यात येईल. यशाच्या वाटेत कोणी कितीही आडवा पडला तरी त्याला ओलांडून जायचं, असा एकंदर निर्धार होता. नावं काउंटीच्या वर्तमानपत्रात छापून आली. व्हर्नाने ती आजीला मोठ्याने वाचून दाखवली.

डेल्बर्ट घरी आला तेव्हा आयसी खुर्चीत बसली होती. मांडीवर वर्तमानपत्र.

"बोलिंगचं राहिलं होतं ना?"

डेल्बर्टने टोपी काढून खुंटीला लावली.

"आणि तो ट्रक. व्हर्ना म्हणाली, प्राचार्यांच्या जागेवर लावत होतास."

"सावली बरी आहे तिथे."

आयसीने वर्तमानपत्राची घडी केली. "डेल्बर्ट, मी इतकी वर्षं तुझ्यासाठी थांबले. सकाळी उठायचं जिवावर येई. म्हणायचं, पोरगं धडपडतंय, आपण मधेच गेलो तर हबकेल. आणि तू माझ्यासाठी थांबलास होय?"

"हो."

"दोघं मिळून एक शहाणा होत नाही आपण," ती म्हणाली. "माझा निळा पोशाख इस्त्री कर."

पदवीदान व्यायामशाळेत झालं. सर्वांची नावं होईपर्यंत टाळ्या वाजवू नयेत अशी विनंती करण्यात आली आणि नेहमीप्रमाणे पहिल्याच नावाला कोणीतरी भोंगा वाजवला. डेल्बर्टचं नाव आलं. काळा झगा, चौकोनी टोपी. व्यासपीठावरून इतक्या सावकाश चालत गेलेला माणूस कॉलेजने पूर्वी बघितला नव्हता. लोकांना वाटलं पाठ. खाली चाकाच्या खुर्चीत आयसी डोळे मिटून बसली होती. डेल्बर्टने ते वरून बघितलं आणि प्राचार्यांचा हात धरून तसाच उभा राहिला. शेवटी त्यांनीच आपला हात सोडवून घेतला.

तो खाली उतरून खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. आयसीने एक डोळा उघडला.

"दाखव."

त्याने पुठ्ठ्याचं निळं पाकीट तिच्या हातात दिलं. तिने उघडलं. आत काही नव्हतं. पदवीदानाला रिकामी पाकिटंच देतात, कागद मागाहून पोस्टाने येतो.

"हे काय?"

"कागद येईल आई. दोन महिन्यांत."

"दोन महिने?" तिने दोन्ही डोळे उघडले. पाकीट उलटं करून झटकलं. मग त्यावरची सोनेरी अक्षरं बोटाने चाचपून म्हणाली, "ॲसोसिएट म्हणजे काय रे?"

"दोन वर्षांची पदवी."

"आणि पुरती किती वर्षांची असते?"

"चार."

आयसीने पाकीट मिटलं. व्यायामशाळेत भोंगे वाजत होते. "म्हणजे अर्धी आहे ही," ती म्हणाली. "मी चर्चमध्ये उभी राहून अर्धी म्हटलं नव्हतं. सगळ्या मंडळींसमोर बोललेय मी. मला फिरता येणार नाही."

पुढच्याच आठवड्यात व्हर्नाने दोघांना डोंगरापलीकडच्या विद्यापीठात नेलं. तिथल्या बाई कागद बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मड फोर्कच्या साठ क्रेडिटांपैकी त्यांच्याकडे नऊच धरली जाणार होती. बाकीचं सगळं, बीजगणितासकट, नव्याने करावं लागणार होतं. सांगताना त्यांना अगदी अवघडल्यासारखं झालं. अशा वेळी माणसं रडतात, एकाने टेबल उलथलं होतं.

डेल्बर्टने आनंदाने आईकडे बघितलं. आयसी पुढे झुकली.

"नीट बघ गं पोरी," ती म्हणाली. "अजून कमी होतात का."

बोलिंगची दोन कमी झाली. सध्या डेल्बर्ट बीजगणिताच्या पूर्वतयारीत आहे आणि शेजारणीच्या कोंबड्यांना क्षणाची उसंत नाही.

वाचकांपैकी बहुतेकजण वेळेवर पदवीधर झाले असतील, एकही विषय न राहता, पहिल्या फटक्यात. अभिनंदन.

आई कशा आहेत?